पोट भरल्यानंतरचा घास

श्रीदत्तजयंती जवळ आली की घरोघरी गुरुचरित्राच्या पोथ्या बाहेर निघतात, सप्ताहाचे संकल्प होतात, आणि देवळाच्या ओवरीत महाप्रसादाची यादी करायला चार जाणती मंडळी बसतात. तांदूळ किती, तूरडाळ किती, गूळ किती, तेलाचे डबे किती. मागच्या वर्षीचा हिशेब समोर असतो, पानं किती उठली तेही माहीत असतं. तरी यादी संपता संपता कोणीतरी म्हणतंच, "थोडं जास्तच असू द्या." त्याला कोणी विरोधही करत नाही.

हे वाक्य काही देवळापुरतं नाही. मंडईत, कापडाच्या दुकानात, लग्नाच्या बैठकीत, रोजच्या ताटावर, सगळीकडे ते आपल्या तोंडी असतं. माणूस गरजेपेक्षा जास्त का घेतो, जास्त का खातो, जास्त का साठवतो, असं विचारलं तर आपलं उत्तर तयार असतं: हाव. एवढं म्हटलं की विषय संपतो. शिवाय हाव ही नेहमी दुसऱ्याला असते, आपली असते ती गरज!

श्रीदत्तप्रभूंच्या परंपरेत मात्र या प्रश्नाला इतकं झटपट उत्तर दिलेलं नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे. भगवान श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात, आणि हे अवधूत म्हणजेच आपले दत्तात्रेय, असं परंपरा मानते. "तुम्ही काही करत नाही, काही बाळगत नाही, तरी इतके आनंदी कसे?" असा राजाचा प्रश्न, आणि त्यावर चोवीस गुरूंचं उत्तर. नाथमहाराजांनी याच स्कंधावर १८ हजारांहून अधिक ओव्यांची टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली, काशीत ती पूर्ण केली. नाथ स्वतः गृहस्थ होते आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त होते, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

चोवीस गुरूंची यादी आपण बहुतेकांनी पाठ केलेली असते. पण ती "पृथ्वीकडून क्षमा, समुद्राकडून गांभीर्य" अशी सुविचारांसारखी पाठ केली तर तिच्यातली खोच निसटते. यातले निदान चार-पाच गुरू अवधूतांना जास्तीच्या घासाबद्दलच शिकवतात, आणि प्रत्येकाचं कारण निरनिराळं आहे. मासा गळाला लागतो तो जिभेमुळे. मधमाशी साठवते ती उद्याच्या काळजीने. पिंगला मध्यरात्रीपर्यंत दारात उभी राहते ती "आणखी कोणी येईल" या आशेने. कपोत, म्हणजे कबुतर, जाळ्यात उडी घेतं ते पिलांच्या आणि जोडीदाराच्या मायेने. चार कारणं, चार रोग. सगळ्यांना एकच "हाव" नावाची पुडी बांधून दिली तर गुण कसा येणार?

आधी जीभ घेऊ, कारण तिचा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. माशाबद्दल बोलताना अवधूत एक बारीक गोष्ट सांगतात. उपवास केला की बाकीची इंद्रियं दमतात, पण रसना दमत नाही, उलट तिला धार चढते. आपल्याकडे "एकादशी आणि दुप्पट खाशी" अशी म्हण आहे, ती थट्टेची म्हणून आपण वापरतो, पण तिच्यात निरीक्षण आहे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एरवी खाण्यावर कडक ताबा ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या अशा दोन्ही तऱ्हांच्या व्यक्तींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर हवं तेवढं आइस्क्रीम समोर ठेवलं. ताबा न ठेवणाऱ्यांनी पोट आधीच भरल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्लं. ताबा ठेवणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक घेतल्यावर जास्त खाल्लं. एकदा नियम मोडलाच आहे, तर आता कशाला राखायचं, असं काहीसं मन म्हणत असावं. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, वर शिंगाड्याचा शिरा, वर केळ्याचं शिकरण असा ज्याचा उपवास असतो त्याला हे नव्याने सांगायला नको.

जिभेचं दुसरं एक वैशिष्ट्य आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास दाखवून दिलं की एकाच पदार्थाने माणसाचं मन लवकर भरतं, पण चव बदलली की ते पुन्हा उघडतं. म्हणजे "पोट भरलं" असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्या एका चवीपुरतंच मन भरलेलं असतं. वरणभाताने "आता एक शीतही नको" म्हणणारा माणूस श्रीखंडाची वाटी आली की सरसावून बसतो, आणि तो खोटं बोलत नसतो, दोन्ही वेळा खरंच बोलत असतो. आता आपल्या जुन्या घरांतलं जेवण आठवा. रोजच्याला भाकरी, एखादी भाजी किंवा पिठलं, आमटी, भात, ताक. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे दोन भाज्या, पुरण, तळण असं भरलेलं पान सणालाच. सणाला माणूस जास्त जेवायचाच, त्यात वावगं काही नव्हतं, कारण सण वर्षातून मोजके. आता चवींची ती रांग रोज आहे. सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी, चारला बिस्किटं नि फरसाण, रात्री नातवंडांसाठी मागवलेलं काहीतरी. आपली जीभ तीच आहे, फक्त तिच्यापुढे रोजच सण मांडलेला आहे.

इथे पंगतीतल्या आग्रहाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आग्रह ही आपल्याकडची माया दाखवण्याची रीत. "लाजू नका, एवढी एकच" म्हणत पानावर जिलबी पडते. पाहुणा हात आडवा धरतो, वाढणारा हाताच्या बाजूने टाकतो, आणि सगळे हसतात. चाळीस वर्षांपूर्वी यात काही बिघडत नव्हतं. पण आज पंगतीत बसलेल्या साठी-सत्तरीच्या मंडळींकडे पाहा. कितीजणांच्या खिशात साखरेच्या गोळीची पट्टी असते? जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण ६ चमच्यांच्या आत ठेवा म्हणते, तेही निरोगी माणसाला. ज्याला डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय, त्याच्या पानात "प्रसाद आहे, नाही म्हणू नये" असं म्हणत चौथी जिलबी टाकणारा हात प्रेमाचाच असतो, पण ते प्रेम त्या बिचाऱ्याला दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये दिसतं. प्रसाद कणभर घेतला तरी प्रसादच. नाही का?

दुसरी रीत "पानात टाकू नये" ही. अतिशय चांगली रीत. पण ती वाढून घेण्याआधी पाळायची आहे, हे आपण विसरतो. आधी भरपूर वाढून घ्यायचं आणि मग टाकवत नाही म्हणून भुकेपलीकडे रेटायचं, याने अन्न वाचत नाही. त्याची जागा बदलते एवढंच. घरातल्या आयांनी तर हे आयुष्यभर केलं. मुलांच्या ताटात उरलेलं, पातेल्याच्या तळाला राहिलेलं, सकाळची उरलेली पोळी, सगळं स्वतः संपवलं. त्यांना कोणी हावरट म्हणेल का? पण शरीराला कारण कळत नाही.

आणि इतकं करूनही वाया जायचं ते जातंच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकानांतून, खानावळींतून आणि घरांतून वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतलं. भारतीय घरांचा त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. मंगल कार्यालयाच्या मागच्या दारी बादल्या पाहिल्या की आपण हॉटेलांना नि लग्नांना नावं ठेवतो. मोठा वाटा आपल्या ओट्यावरचाच निघतो.

आता मधमाशी. अवधूतांनी या एकाच गुरूकडून दोन धडे घेतले. फुलाला इजा न करता थोडं थोडं घ्यावं, हा पहिला. "माधुकरी" हा शब्द मधुकरावरूनच आला. पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकले, एका घरावर भार न टाकता पाच घरी थोडं थोडं घेऊन. दुसरा धडा उलटा आहे. मिळालेली भिक्षा संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी साठवू नये, हात हेच भांडं आणि पोट हाच साठा. साठवणारी माशी साठ्यासकट जाते.

हे ऐकलं की गृहस्थाला अस्वस्थ वाटतं, आणि वाटायलाच हवं. आपल्याला म्हातारपणाची औषधं आहेत, नातीचं शिक्षण आहे, पावसाळ्याच्या आधी घरात लाकूडफाटा आणि वाटाणे-पापड भरून ठेवायची सवय आहे. साठवू नये म्हणजे काय करावं? त्यातून आपल्यापैकी ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिलाय त्यांना तर हे बोलणं उपदेशकाचं वाटेल. रेशनच्या रांगा, लाल मिलोची भाकरी, खडी फोडायला गेलेली कुटुंबं, शाळेत मिळणारी सुकडी. ज्या हातांनी तेव्हा पीठ मोजून मळलं, ते हात आज दोन तेलाचे डबे शिल्लक असताना तिसरा आणतात. माळ्यावर रिकाम्या बरण्या, पलंगाखाली जुनी पातेली, स्वयंपाकघराच्या दाराला पिशव्यांनी भरलेली पिशवी. सून म्हणते, "आई, हे टाकूया का?" आणि घरात दोन दिवस अबोला.

ही हाव नव्हे. ही भीती आहे, आणि ती एके काळी अगदी खरी होती. म्हणून तिला हसू नये, आणि सुनेनेही तिच्यावर एका रविवारी झाडू फिरवू नये. मात्र भीतीचं एक लक्षण ध्यानात ठेवावं, साठा वाढल्याने ती कमी होत नाही. दहा किलो तांदूळ असताना जी काळजी वाटते तीच पन्नास किलो असताना वाटते, शिवाय त्यात किड्यांची काळजी वाढते. अवधूतांच्या बोलण्यातला नेम भांडारावर नसून या काळजीवर आहे, असं मला वाटतं. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची कथा याच अंगाने वाचून पाहा. भिक्षा मिळाली नाही की दारातल्या वेलाच्या शेंगांवर भागवणारं गरीब ब्राह्मणाचं घर. श्रीगुरू येतात, घेवड्याची भाजी जेवतात आणि जाताना वेलच तोडून टाकतात. बायको आकांत करते. ब्राह्मण वेलाचं मूळ खणून काढायला जातो तेव्हा द्रव्याचा कुंभ लागतो. कुंभ मिळाला म्हणून आपण आनंदतो, पण कुंभाआधीची ती वेळ जास्त विचार करण्यासारखी आहे. ज्याच्या आधाराने आजवर दिवस काढले तोच आधार गेला, आणि तरी तो ब्राह्मण शांत राहून बायकोची समजूत घालतो. साठा हातातून गेल्यावर माणूस कसा वागतो, हीच तिथे परीक्षा आहे.

मग गृहस्थाने किती ठेवावं? याचं उत्तर भागवतातच, पण सातव्या स्कंधात आहे. नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगतात तेव्हा फार कडक बोलतात. पोट भरण्यापुरतं जे लागतं तेवढ्यावरच देहधाऱ्याची मालकी, त्याहून अधिक जो आपलं मानेल तो चोर, दंडाला पात्र. संन्याशाला नव्हे, हे आपल्यासारख्या संसारी माणसाला सांगितलेलं आहे. पण शब्द नीट पाहा. दोष "अधिक ठेवणाऱ्या"ला दिलेला नाही, "अधिक आपलं मानणाऱ्या"ला दिलेला आहे. म्हणजे कोठीत धान्य असावं, पण आपण कोठीचे मालक नसून राखणदार. अवधूतांच्या गुरूंत मधमाशीच्या शेजारी मध काढून नेणारा मधुहा आहे, तो याच संदर्भात. ना खाल्लं, ना दिलं, असं नुसतं जमवलेलं धन दुसराच कोणी नेतो. आणि गंमत अशी की तिथेच यतीची उपमा मधुहाला दिलेली आहे. गृहस्थाने कष्टाने मिळवलेलं अन्न यती त्याच्याआधी जेवतो! म्हणजे आपल्या साठ्यातला पहिला वाटा दुसऱ्याचा, हे आधीच ठरलेलं. गोग्रास, काकबळी, अतिथीसाठी काढून ठेवलेली मूद या रीती त्यातूनच आल्या असाव्यात. ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालेपर्यंत जो क्षण जायचा, त्यात हात थांबायचा. आता टीव्ही लावून ताट घेतल्यावर हात थांबायला जागाच राहिलेली नाही.

शेजाऱ्याकडे पाहून घेण्याच्या कारणावर फार लिहीत नाही, त्यावर सगळेच बोलतात. अमेरिकेत जेम्स ड्यूझेनबेरी या अर्थशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडलं होतं की माणसाचा खर्च त्याच्या एकट्याच्या मिळकतीवर ठरत नाही, भोवतालचे लोक काय वापरतात त्यावरही ठरतो. आपल्या आज्या हे "शेजारणीची साडी" या दोन शब्दांत सांगत. मात्र एक वस्तू दुसरीला कशी ओढून आणते ते पाहण्यासारखं आहे. लंगोटीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: लंगोटी उंदीर कुरतडतो म्हणून मांजर, मांजराला दूध म्हणून गाय, गाईला चारा म्हणून शेत, आणि शेवटी साधूचा संसार. १७६९ साली फ्रान्समध्ये दनी दिद्रो या लेखकाने स्वतःबद्दल हीच गोष्ट लिहिली. त्याच्याकडे एक सुंदर तांबडा झगा आला. त्या झग्यापुढे जुनी गवती विणीची खुर्ची बरी दिसेना, तिथे चामड्याची आली. मग पुस्तकांची फळी गेली, मेज बदललं, भिंतीवरची चित्रं बदलली. सगळी खोली नवी झाली आणि त्याला जुन्या झग्याची आठवण येऊ लागली. आपल्याकडे हे रंगकामाने सुरू होतं. भिंतीला रंग दिला की पडदे जुने दिसतात, पडदे आले की सोफा, आणि सोफा आला की "आता देव्हाराही संगमरवरी करूया". देवाने मागितलेला नसतो.

इच्छा झाली तर ती मारावी की पुरवावी, हा प्रश्न शेवटी उरतोच. गुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायातली कथा सप्ताहात वाचताना आपण आचारधर्माच्या भागाकडे लवकर वळतो, म्हणून तिच्याकडे लक्ष वेधतो. एका ब्राह्मणाचा परान्न न घेण्याचा नेम. कोरडी भिक्षा आणून घरी शिजवायची. गावात कोणा श्रीमंताकडे दांपत्यांना भोजन, वस्त्रं, दक्षिणा. बायकोला वाटलं, आपणही जावं. नवरा नाही म्हणाला. ती श्रीगुरूंकडे गेली. आपल्याला वाटेल, आता गुरू तिला वैराग्याचे दोन शब्द सांगतील. त्यांनी तसं केलं नाही. नवऱ्याला बोलावलं आणि "हिच्या मनात आहे ना, घेऊन जा" असंच सांगितलं. दोघं पंगतीत बसली. आणि जेवताना तिला दिसलं की आपल्याबरोबर कुत्री आणि डुकरं त्याच अन्नाला तोंड लावताहेत. ती तशीच उठली. पुन्हा तिला ती इच्छा झाली नाही.

श्रीगुरूंनी तिची जीभ बांधली नाही, तिला डोळे दिले. ज्या इच्छेला नुसतं "नाही" म्हटलं ती माशाच्या रसनेसारखी धार धरते, आणि जी नीट पाहिली ती आपोआप सैल होते, असा या कथेचा रोख मला दिसतो. म्हणून घरातल्या आजोबांपुढची बर्फीची डबी लपवण्यापेक्षा त्यांच्याजवळ बसून एक तुकडा सावकाश खाऊ द्यावा, आणि दुसऱ्याला हात जाईल तेव्हा विचारावं, "बाबा, पहिला कसा लागला?" पुष्कळदा त्यांना चव आठवतच नाही. तोंड हललेलं असतं, मन बातम्यांत असतं.

सप्ताहाचे सात दिवस आपण हविष्यान्नावर काढतो, एकभुक्त राहतो, आणि त्याचा त्रास होत नाही असं सगळे सांगतात. मग आठव्या दिवशी पारण्याला पुरणपोळी होते. ती व्हायलाच हवी. यंदा एवढंच करून पाहा की वाढपी मंडळींना लहान डाव द्या, पहिल्या फेरीला अर्धी पोळी वाढायला सांगा, आणि मागेल त्याला दोनदा, तीनदा, हवं तितक्यांदा आनंदाने वाढा. आडवा हात दिसला की तिथे डाव थांबवायचा. आणि ओवरीत पुढच्या वर्षीची यादी करताना यंदा उठलेल्या पानांच्या आकड्याशेजारी बादलीत किती गेलं तेही लिहून ठेवा.